केअर सेंटरमधल्या आईचं वजन सारखं उतरतंय, "वय झालं" हे उत्तर पुरेसं आहे का?

मानपाडा_माधुरी (धागाकर्ती)
नमस्कार मंडळी. आई ८१ वर्षांची आहे, जूनपासून घोडबंदर रोडवरच्या एका केअर सेंटरमध्ये. अर्धांगाचा झटका येऊन गेला, उजवा हात कामातून गेलाय, बोलताना अडखळते, थोडं विसरायलाही होतं. घरी दिवसाची बाई मिळाली पण रात्रीची टिकेना, आम्ही दोघंही नोकरी करतो, म्हणून तिथे ठेवलं. जागा स्वच्छ आहे, माणसं प्रेमाने बोलतात, हे आधीच सांगते, मला कोणाची बदनामी करायची नाहीये. पण जूनमध्ये आई ५४ किलो होती, दिवाळीत ५१ आणि आता संक्रांत झाल्यावर ४७. बांगड्या कोपरापर्यंत सरकतात, ब्लाउज सगळे आत घ्यावे लागले. विचारलं की मॅनेजर म्हणतात "वय झालं की वजन उतरतंच मॅडम, जेवतायत की व्यवस्थित". भिंतीवर मेनू लावलाय तोही चांगला आहे. सकाळी उपमा नाहीतर पोहे, साडेबाराला वरण भात पोळी भाजी, चारला चहा बिस्किटं, साडेसहाला रात्रीचं जेवण. मग वजन जातंय कुठे?

ज्यांचे आईवडील अशा ठिकाणी आहेत किंवा जे या क्षेत्रात काम करतात त्यांनी प्लीज सांगा. हे खरंच नॉर्मल आहे का, आणि नसेल तर नेमकं काय बघायचं?

कोपरीकर_काका
वजनं कोणी केली? एकाच काट्यावर का?

मानपाडा_माधुरी
काका, जूनचं डिस्चार्ज पेपरवर होतं. नंतरची दोन्ही तिच्या फिजिओथेरपिस्टच्या काट्यावर, आम्ही धरून उभं करून. सेंटरकडे नोंदच नाही, काटा आहे पण बंद आहे म्हणाले.

नौपाड्याची_सिस्टर
आयुष्य वॉर्डात गेलंय माझं, आता निवृत्त आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

"जेवतात" याचा अर्थ बहुतेक ठिकाणी एवढाच असतो की ताट समोर गेलं. ताट समोर जाणं आणि घास पोटात जाणं यात फार अंतर आहे आणि ते कोणीच लिहून ठेवत नाही. माधुरी, तुम्ही भेटायला कधी जाता? लोक बहुधा रविवारी अकराला नाहीतर संध्याकाळी पाचला जातात, म्हणजे बरोब्बर दोन जेवणांच्या मधे. एकदा जेवणाच्या वेळेला जा. भरवू नका, बोलू नका, नुसत्या शेजारी बसा आणि ताट परत जाताना त्यात काय काय उरलंय ते बघा. वरण भात संपलाय आणि पोळी तशीच आहे की सगळंच चिवडून ठेवलंय, यावरून निम्मं कारण तिथेच कळतं.

दुसरं. उजवा हात गेलाय म्हणालात, म्हणजे आई डाव्या हाताने जेवते? चारचौघांत? त्या पिढीच्या बाईला डाव्या हाताने घास तोंडात घालणं किती जड जातं ते आपल्याला कळणार नाही. समोरचे बघतायत म्हणून दोन घास खाऊन "झालं माझं" म्हणणाऱ्या कितीतरी जणी मी बघितल्यात. कोणी आग्रह केला तर पोट भरलंय म्हणतात, कारण दुसऱ्याने भरवणं त्याहून नको असतं.

आणि भरवायला वेळ लागतो हो. अमेरिकेतल्या नर्सिंग होममध्ये घड्याळ लावून बघितलंय, मदत लागणाऱ्या माणसाला नीट जेवू घालायला एका वेळेला अर्ध्या तासाहून जास्त जातो. एका मावशीकडे आठ जणी असतील तर शेवटच्या चौघींच्या ताटाचं काय होत असेल? ती मावशी वाईट नसते, तिला पुढे डायपर बदलायचे असतात, औषधं द्यायची असतात.

स्पष्ट_बोलतो_७२
मी सरळ लिहितो. जन्मदात्या आईला परक्याच्या हाती सोपवलं की असंच होणार. आमची आजी ९३ वर्षं घरात राहिली, सुनांनी केलं सगळं. पैसे फेकून माया मिळत नाही.

ऐरोली_सेक्टर_८
स्पष्ट बोलतो, तुमच्या आजीचं ज्या सुनांनी केलं त्यांना कधी विचारलंय का त्यांची कंबर कशी आहे आता? माधुरीताईंनी प्रश्न जेवणाचा विचारलाय, संस्कारांचा नाही.

आणि घरी ठेवलं म्हणजे पोट भरतंच असंही नाही. सरकारच्याच मोठ्या पाहणीत (लासी, २०१७-१८) साठीच्या पुढच्या चौघांत एकाहून जास्त माणसं कमी वजनाची निघाली, आणि आपल्याकडचे बहुतेक म्हातारे घरीच राहतात. आमच्या मजल्यावर एक आजोबा आहेत, मुलगा सून आठला बाहेर पडतात, डबा झाकून ठेवलेला असतो, आजोबा दुपारभर चहा आणि खारी खाऊन राहतात कारण एकट्याने जेवायला बसवत नाही म्हणतात. त्यांचं काय?

वाशीचा_फिजिशियन
डॉक्टर म्हणून उत्तर देतो, पण आईंना न तपासता, त्यामुळे त्यांच्या डॉक्टरांना दाखवाच.

माधुरी, ५४ वरून ४७ म्हणजे सात महिन्यांत जवळपास १३ टक्के. सहा महिन्यांत ५ टक्क्यांहून जास्त वजन न ठरवता उतरलं तरी आम्ही कुपोषणाचा संशय घेतो, १० टक्के म्हणजे गंभीर. वयानुसार भूक थोडी मंदावते, चव आणि वास कमी होतो, स्नायू झिजतात, हे सगळं खरं आहे, पण त्याने सात महिन्यांत सात किलो जात नाहीत. तेव्हा नॉर्मल नाही, हे तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर.

वृद्धांसाठी एमएनए नावाची छोटी प्रश्नावली आहे, सहा प्रश्न, १४ गुण. खाणं कमी झालंय का, वजन किती गेलं, हिंडतात फिरतात का, मधे मोठं आजारपण किंवा मानसिक धक्का, विसरभोळेपणा किंवा डिप्रेशन, आणि बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन. सात किंवा त्याखाली आले तर कुपोषित, आठ ते अकरा म्हणजे धोका. बीएमआय काढता येत नसेल तर पोटरीचा घेर टेपने मोजतात, ३१ सेंमीपेक्षा कमी असेल तर लक्ष द्यायला हवं. पाच मिनिटांचं काम आहे, शिंप्याचा टेप चालतो. पायाला सूज असेल तर मात्र हा आकडा फसवा.

मग कारण शोधायचं. तोंडात बघा, कवळी बसते का, फोड आहेत का. औषधांची यादी बघा, शुगरची मेटफॉर्मिन, हृदयाची डिगॉक्सिन, विसरभोळेपणासाठी देतात ती डोनेपेझिल, या सगळ्यांनी भूक मरू शकते, मळमळ होऊ शकते. लोहाच्या गोळीने बद्धकोष्ठ झालं की माणूस जेवत नाही. थायरॉइड, शुगर, बी१२, किडनी, आणि आपल्याकडे टीबी विसरायचा नाही. स्ट्रोकनंतरचं डिप्रेशन फार कॉमन आहे आणि म्हाताऱ्या माणसात ते रडण्यातून कमी, ताट बाजूला सारण्यातून जास्त दिसतं. एक अजून, रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन नॉर्मल आलं म्हणून खाणं बरोबर चाललंय असं कोणी सांगितलं तर ते धरू नका. अल्ब्युमिन इन्फेक्शन, सूज, लिव्हर यांनी वर खाली होतं, पोषणाचा तो भरवशाचा मापक नाही.

शुगरवाली_सून
डॉक्टर, सासूबाईंना डायबेटिस आहे, नेरूळला एका केअर होममध्ये आहेत. तिथे डायबेटिक डाएट म्हणून भात बंद, बटाटा बंद, केळं बंद, तूप बंद. पोळी कडक होते म्हणून त्या खात नाहीत. शुगर मस्त आहे, पण माणूस वाळत चाललंय. शुगर सांभाळू की वजन?

वाशीचा_फिजिशियन
८०च्या पुढच्या, दुसऱ्यावर अवलंबून असलेल्या माणसाचं एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी) सातच्या खाली आणायचा अट्टहास आता कोणी धरत नाही. अमेरिकन डायबेटिस असोसिएशन अशा रुग्णांसाठी आठच्या आसपासचं सैल लक्ष्य चालेल म्हणते आणि केअर होममध्ये कडक पथ्य टाळा असंही सांगते. युरोपातल्या ईस्पेन या पोषणविषयक संस्थेच्या वृद्धांसाठीच्या गाइडलाइनमध्येही खाणं कमी होईल असं पथ्य लावू नका असं स्पष्ट आहे. मऊ भात द्या, त्यावर तूप द्या, गरज पडली तर गोळी ॲडजस्ट करू. वजन उतरलं की तीच जुनी गोळी जास्त होते आणि शुगर एकदम खाली जाते, ते उलट जास्त धोक्याचं. पण हा बदल त्यांच्या डॉक्टरांना विचारूनच.

खारघरची_केअरवाली
मी छोटं केंद्र चालवते, २२ माणसं आहेत माझ्याकडे. दुसरी बाजू मांडायलाच हवी.

पथ्य बहुतेक वेळा आमचं नसतं, घरच्यांचं असतं. दाखल करताना मुलगा छापील कागद देतो, "नो ऑइल, नो घी, नो शुगर, लो सॉल्ट". कोणीतरी दहा वर्षांपूर्वी लिहून दिलेलं, तेव्हा वडील ८२ किलोचे होते. आज ५० किलोचे आहेत आणि कागद तोच. मी चमचाभर तूप घातलं आणि व्हिडिओ कॉलवर लेकीला दिसलं तर मला फोन येतो. मीठ काढून टाकलेलं, फोडणी नसलेलं जेवण तुम्ही चार दिवस जेवून बघा. ज्यांची जीभ आधीच निम्मी मेलीये त्यांना ते काय लागणार?

दुसरी गोष्ट माणसांची. शिकवलेल्या मावश्या टिकत नाहीत. इथे तयार झाल्या की पनवेल, बेलापूरला कोणाच्या तरी घरी २४ तासांच्या कामाला जातात, तिथे पगार जास्त मिळतो, मी त्यांना दोष देत नाही. पण नवीन मुलगी आली की तिला पहिल्यापासून शिकवावं लागतं की घास केवढा घ्यायचा, गिळल्याशिवाय दुसरा द्यायचा नाही, उभं राहून भरवायचं नाही, समोर बसायचं.

तिसरं पाण्याचं, हे कोणी लिहिलं नाही अजून. म्हातारी माणसं मुद्दाम पाणी पीत नाहीत. प्यायलं की बाथरूमला जावं लागतं, न्यायला कोणीतरी बोलवावं लागतं, आणि बोलवायचा संकोच. तहान तशीही या वयात कमी लागते. पाणी कमी पडलं की तोंड कोरडं, कोरड्या तोंडाने पोळी गिळत नाही, बद्धकोष्ठ होतं, भूक मरते, हे सगळं एकामागून एक येतं. आम्ही ठरवून दर दोन तासांनी सगळ्यांना बाथरूमला नेतो, कोणी बोलावलं नाही तरी. तेव्हापासून पाणी प्यायला लागले लोक.

माझ्याकडे महिन्याच्या पाच तारखेला सगळ्यांचं वजन होतं, वहीत लिहिलं जातं, आणि ती वही कोणत्याही नातेवाईकाला मागितली की दाखवते. माधुरीताई, बंद काटा हे कारण मला पटलेलं नाही. काटा दुरुस्त करायला कितीसे पैसे लागतात?

नौपाड्याची_सिस्टर
खारघर, तुमचं बाथरूमचं वाचून खूप बरं वाटलं. हे कोणत्या पुस्तकात शिकवत नाहीत.

एडिसनकर
मी न्यू जर्सीत नर्सिंग होममध्ये सोशल वर्कर आहे, माहेर ठाण्याचं, पाचपाखाडी. इथे १९८७ च्या कायद्यानंतर प्रत्येक रहिवाशाचं ठराविक काळाने असेसमेंट करावंच लागतं, त्यात वजनाचा प्रश्न आहे, महिन्यात ५ टक्के किंवा सहा महिन्यांत १० टक्के उतरलं तर तशी नोंद होते आणि कारण शोधून प्लॅन बदलावा लागतो. रात्रीचं जेवण आणि सकाळचा नाश्ता यात साधारण १४ तासांपेक्षा जास्त अंतर ठेवता येत नाही, हाही फेडरल नियम आहे. तपासनीस न सांगता येतात.

तरीही इथे सगळं आलबेल आहे असं अजिबात समजू नका. माणसं इथेही कमी पडतात, शनिवार रविवारी तर फारच, आणि वजनं इथेही उतरतात. फरक एवढाच की उतरलं की ते लपत नाही, कोणालातरी उत्तर द्यावं लागतं.

माधुरी, तुझ्या आईचं साडेसहाला जेवण, नाश्ता कितीला?

मानपाडा_माधुरी
साडेआठला. म्हणजे चौदा तास. हे मी कधी मोजलंच नव्हतं बाई.

ऐरोली_सेक्टर_८
साडेसहाचं जेवण हे किचनच्या शिफ्टसाठी असतं. स्वयंपाकी आठला निघून जातो. स्वीडनमध्ये रात्रीचा उपास ११ तासांच्या वर जाऊ नये असं सांगतात. म्हणजे जेवणानंतर तीन तासांनी मधे काहीतरी घालायला हवं, साडेनऊला कपभर दूध, नाचणीची खीर, शिकरण, काहीही.

दिवाळे_कोळीवाडा
जेवणावरून आठवलं. माझा चुलता एका आश्रमात होता कर्जतकडे, तिथे शुद्ध शाकाहारी. सत्तर वर्षं ज्या माणसाने ओला बोंबील आणि तांदळाची भाकरी खाल्ली त्याला रोज दुधी आणि फ्लॉवर. तो जेवायचाच नाही. चिडका म्हणून नाव पडलं त्याचं. मग चुलत बहीण दर बुधवारी आणि रविवारी डबा न्यायला लागली, बोंबलाचं कालवण आणि मऊ भात, आश्रमवाल्यांनी अंगणात बसून खायची परवानगी दिली. दोन महिन्यांत माणूस शिव्या द्यायला लागला, म्हणजे तब्येत सुधारली 😄

कोपरीकर_काका
😄 शिव्या हेच आमच्याकडेही तब्येतीचं प्रमाणपत्र आहे. बोंबलाच्या कालवणात कोकम घालता की चिंच?

दिवाळे_कोळीवाडा
काका, चिंच. आणि बोंबील शिजला की हात लावायचा नाही, मोडतो. काटा मऊ असतो म्हणून म्हाताऱ्यांना बरा, पण मधला काटा काढूनच द्या.

पंढरीची_वाट
उलटही असतं. माझे वडील माळकरी. कळव्याजवळच्या एका ठिकाणी भाजीत कांदा लसूण असायचा, त्यांनी कोणाला सांगितलं नाही, नुसतं वरण भात खायचे. त्यात दोन्ही एकादश्या आणि चातुर्मास. उपासाला तिथे वेफर्स आणि चहा. आम्ही भेटून सांगितलं तर स्वयंपाकी म्हणाला "एवढंच होय, आधी सांगायचं ना, वेगळी फोडणी देतो". उपासाला राजगिऱ्याची लाही दुधात, शेंगदाण्याची आमटी आणि वरीचा भात सुरू केला. म्हातारी माणसं मागत नाहीत हो. कटकट्या म्हणतील याची भीती असते, आणि राहायचं तर तिथेच असतं.

घास_गिळणं
स्पीच थेरपिस्ट आहे. धाग्यात कोणीच विचारलं नाही म्हणून विचारते. माधुरी, आईंना पाणी पिताना ठसका लागतो का? जेवणानंतर आवाज ओलसर, घरघरल्यासारखा येतो का? उजव्या गालात घास साठून राहतो का? स्ट्रोकनंतर गिळण्याची क्रिया बिघडलेली असू शकते आणि माणूस ठसक्याच्या भीतीनेच खाणं कमी करतो. अन्न श्वासनलिकेत गेलं तर न्यूमोनिया होतो. कृपया कोणीही घाईघाईने भरवायला सुरुवात करू नका, आधी तपासून घ्या.

तपासणी होईपर्यंत एवढं तरी करा की पूर्ण ताठ बसवून जेवू घाला, पलंगावर अर्धवट झोपवून अजिबात नाही, छोटा चमचा, जेवणानंतर अर्धा तास बसूनच ठेवा आणि तोंड साफ करा. जपानमधल्या नर्सिंग होममध्ये अभ्यास करून दाखवलंय की रोज तोंड नीट स्वच्छ केलं की न्यूमोनियाचं प्रमाण कमी होतं. कवळी रात्री काढून धुवा.

आणि सगळं मिक्सरमधून काढून एकाच वाटीत कालवून देणं बंद करायला हवं. वरण, भात, पालक, बीट एकत्र फिरवलेला तो करडा लगदा कोणालाच खावासा वाटणार नाही. गरज असेल तर प्रत्येक पदार्थ वेगळा मऊ करा, वेगळा वाढा, पिवळं वरण पिवळं दिसू दे.

रंगीत_ताटली
दिसण्यावरून, बोस्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी २००४ मध्ये अल्झायमरच्या रुग्णांना पांढऱ्याऐवजी लाल ताटल्यांत आणि पेल्यांत जेवण दिलं तर खाणं साधारण २५ टक्क्यांनी वाढलं. अभ्यास लहानच होता, पण कारण समजण्यासारखं आहे, मोतीबिंदू आणि विसरभोळेपणा असलेल्या माणसाला पांढऱ्या ताटलीत दहीभात दिसतच नाही. आम्ही मामीसाठी लाल मेलामाईनची ताटली नेली, कडा उंच असलेली. एका हाताने जेवणाऱ्यांना उंच कडेचा फार उपयोग होतो, घास कडेला टेकवून चमच्यात घेता येतो. ताटली सरकू नये म्हणून खाली ओला नॅपकिन.

पावडर_प्रश्न
ते प्रोटीन पावडरचे डबे द्यावेत का? केमिस्टने हजाराच्या वरचा डबा दिला, आजोबा म्हणतात खडूचं पाणी.

वाशीचा_फिजिशियन
खाण्यातूनच होत असेल तर आधी ते. हिशोब सांगतो. या वयात किलोमागे रोज किमान १ ग्रॅम प्रथिनं आणि साधारण ३० कॅलरी हव्यात, आजारपणात किंवा कुपोषणात प्रथिनं १.२ ते १.५ पर्यंत, किडनी ठीक असेल तर. ४७ किलोच्या माणसाला रोज ५५ ते ७० ग्रॅम प्रथिनं आणि किमान १४०० कॅलरी. केअर सेंटरचं पातळ वरण वाटीभर घेतलं तर हातात चार ग्रॅम प्रथिनं लागली तर लागली. म्हणून वरण घट्ट हवं, पिठलं, मुगाचं कढण, दही, पनीर, चालत असेल तर अंडं (एका अंड्यात ६ ग्रॅम), मासे. कपभर दुधात ६-७ ग्रॅम असतात, त्यात दोन मोठे चमचे दुधाची पावडर घातली की तेवढ्याच कपात जवळजवळ दुप्पट. पोट लहान झालेल्या माणसाला जास्त वाढू नका, तेवढ्याच घासात जास्त मावेल असं करा. तूप, शेंगदाण्याचं कूट, खोबरं. सगळं करूनही वजन वाढत नसेल तर पावडर जरूर द्या, पण दोन जेवणांच्या मधे, जेवणाऐवजी नाही.

एक धोक्याची सूचना. जो माणूस कित्येक दिवस जवळजवळ काहीच खात नव्हता त्याला एकदम भरपूर देऊ नका. रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम अचानक खाली जाऊन हृदयापर्यंत त्रास होतो, याला रीफीडिंग सिंड्रोम म्हणतात. अशांना डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू वाढवायचं.

स्पष्ट_बोलतो_७२
वर मी लिहिलेलं कठोर वाटलं असेल. माझं मत आहे तेच आहे. पण खारघरच्या ताईंची वही मला आवडली. कायदा काही म्हणतो का याबद्दल?

ऐरोली_सेक्टर_८
२००७ चा पालक आणि ज्येष्ठ नागरिकांचा कायदा मुख्यतः मुलांनी पोसण्याबद्दल आहे, शिवाय प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधार वृद्धांसाठी सरकारी वृद्धाश्रमाची तरतूद आहे त्यात. खासगी सेंटरचं म्हणाल तर तुमच्या हातात करार आहे. वजन दरमहा लिहून दाखवणार, जेवणाच्या वेळा अशा, भरवायला माणूस कोण, हे सही करायच्या आधी करारात घालून घ्या. आणि कुठे खरंच हेळसांड दिसली, शेजारच्या बेडवरच्या आजींचीसुद्धा, तर १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाइन आहे, सकाळी आठ ते रात्री आठ, फुकट.

मानपाडा_माधुरी
मंडळी, उत्तर द्यायला उशीर झाला, पण सगळं वाचलं, प्रिंट काढून नवऱ्यालाही दिलं.

सिस्टर, तुम्ही म्हणालात तसं रजा काढून जेवणांच्या वेळेला जाऊन बसले. आई आमटीत भिजेल तेवढा भात डाव्या हाताने चमच्याने खाते, पोळीला हात लावत नाही, भाजी गालात ठेवून नंतर नॅपकिनमध्ये काढते. समोर एक आजोबा बसतात, ते बघतायत असं वाटलं की चमचा खाली ठेवते. मी विचारलं तर म्हणाली "डाव्या हाताने जेवताना लाज वाटते गं". सिस्टर, तुम्ही न बघता कसं ओळखलंत!

कवळी सैल झालीये, वजन उतरल्यावर हिरड्याही आक्रसतात म्हणे, टोचते म्हणून चावत नाही. दंतवैद्यांनी आतून भरून दिली. स्पीच थेरपिस्टनी तपासलं, पातळ पाण्याला ठसका येतो, थिकनर (पाणी दाट करायची पावडर) घालून द्यायला सांगितलंय आणि घास डाव्या बाजूला ठेवायचा. बी१२ कमी निघालं, इंजेक्शनं सुरू केली. टीबी नाही. विसरभोळेपणाची गोळी डॉक्टरांनी सध्या थांबवलीये आणि भूक बघू म्हणाले. पोटरी २९ सेंमी.

सेंटरच्या मॅनेजरशी भांडले नाही. आकडे लिहिलेला कागद समोर ठेवला आणि १३ टक्के म्हणजे काय ते सांगितलं. ते खरंच गप्प झाले. काटा आला. आईला खिडकीजवळ भिंतीकडे तोंड करून एका बाजूचं टेबल दिलं, तिथे तिच्यासोबत अजून एक आजी बसतात ज्यांचाही हात चालत नाही, दोघी डाव्या हाताने जेवतात आणि गप्पा मारतात. साडेनऊला नाचणीची खीर दुधाची पावडर घालून, हे फक्त आईला नाही, सगळ्यांना सुरू झालं. मऊ भात, घट्ट वरण, वर तूप. वजन अजून वाढलेलं नाही, पण उतरायचं थांबलंय.

आता पुढचा प्रश्न. रात्रीच्या जेवणाला मावशी कमी पडतात. सेंटर म्हणतं स्वतंत्र अटेंडंट ठेवा, महिन्याला १४ हजार वेगळे. हे जेवू घालणं मुळात फीमध्येच नको का? की देऊन टाकू?

कोपरीकर_काका
मुळीच देऊ नका. जेवण फीमध्ये आहे तर पोटात घालणंही फीमध्येच आलं.

नौपाड्याची_सिस्टर
काका, तत्त्व म्हणून बरोबर आहे, पण तो वाद मिटेपर्यंत आई रोज रात्री अर्धपोटी. माधुरी, सध्या तरी काहीतरी सोय करा आणि करार नवीन करताना हा मुद्दा लावून धरा.

खारघरची_केअरवाली
पूर्ण वेळ अटेंडंटची गरज नाही. तुमच्या आईच्या टेबलावर त्या दुसऱ्या आजी आहेत ना, त्यांच्या मुलीशी बोला, अजून एखादं कुटुंब बघा. तिघांत मिळून एक बाई फक्त दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणाच्या वेळेपुरती ठेवा, दोन्ही वेळेला दीड दीड तास. माझ्याकडे असं चालतं, घरटी खर्च खूप कमी येतो. बाई शक्यतो जवळपास राहणारी बघा, मानपाडा कासारवडवलीतच मिळेल, लांबून येणारी पावसाळ्यात दांड्या मारते. आणि पहिला आठवडा स्पीच थेरपिस्टनी सांगितलेलं तिला समोर बसवून शिकवा, घास, थिकनर, ताठ बसवणं, सगळं. तिच्याकडे वही द्या, रोज कोणी किती खाल्लं ते पाव, अर्धं, पाऊण, पूर्ण एवढंच लिहायचं.

मानपाडा_माधुरी
हे जमेल. त्या आजींची मुलगी ठाणे-वाशी लोकलनेच येते, शनिवारी गाठते तिला. वहीचे कॉलम कसे करता त्याचा फोटो टाकाल का?

खारघरची_केअरवाली
उद्या सकाळी टाकते, नावं झाकून.